पान्ह्याची मर्जी

पान्हा दिसत नाही. दिसतात ती त्याच्या येण्याची लक्षणं. मघापर्यंत सुरकुतलेले सड तटतटतात, कासेवरची कातडी ताणली जाते, म्हैस मागचे पाय जरा फाकवून स्वस्थ उभी राहते आणि शेपटी मारायची थांबते. धारेला बसलेला माणूस मान वर न करता म्हणतो, "आला." कोण आला, हे गोठ्यात कुणी विचारत नाही.

न येण्याचा दिवस असला तर तोही गोठाभर कळतो. चरवीत चार पिचकाऱ्या पडतात आणि सड कोरडे. पुढ्यातली पेंड संपत येते, म्हैस मान वळवून मागे बघते, माणूस तिच्या आईचा उद्धार करतो. ती पाय झाडते. तेवढ्यानं पान्हा आणखी लांब जातो. अशा वेळी "म्हशीनं पान्हा चोरला" असा आरोप ठेवला जातो आणि आरोपीची बाजू ऐकून घ्यायची पद्धत गोठ्यात नाही. ती ऐकण्यासारखी आहे.

स्वभावानं पान्हा लाजाळू. त्यातही म्हशीचा जास्त. गाईचा बहुधा मिनिटाभरात येतो. म्हशीचा दोनेक मिनिटं घेतो, एखादीचा पाच-दहा मिनिटंही. त्याला वेळ बदललेली चालत नाही, जागा बदललेली चालत नाही, हात बदललेला तर मुळीच नाही. घरची बाई माहेरी गेली म्हणून तिचं लुगडं अंगाभोवती गुंडाळून, तिच्यासारखंच तोंडानं चुचकारत धारेला बसलेल्या नवऱ्यांच्या गोष्टी गावोगाव आहेत. त्या सगळ्याच हसवण्यासाठी रचलेल्या नसाव्यात. पारडू आधी दोन घोट पिऊन गेलं, आंबोण पुढ्यात आलं, ओळखीच्या हातानं कोमट पाण्यानं सड धुतले, की स्वारी खुशीत येते. मात्र आल्यावर फार वेळ बसत नाही. पाच-सात मिनिटांत काय ते दूध काढून घ्या. मध्येच उठून फोनवर बोलायला गेलात तर परत येईपर्यंत तो निघून गेलेला असतो आणि उरलेलं दूध कासेतच राहतं.

पुष्कळांना वाटतं, दूध पान्हाच करतो. ते खरं नाही. दूध करण्याचं काम कासेत रात्रंदिवस चालू असतं आणि त्यावरची देखरेख प्रोलॅक्टिन वगैरे दुसऱ्या हॉर्मोनांची. गाईच्या कासेतून सुमारे ५०० लिटर रक्त फिरावं तेव्हा एक लिटर दूध बनतं, असा हिशेब आहे. बनलेलं दूध साठतं ते कासेतल्या अतिसूक्ष्म पोकळ पिशव्यांत. सडाच्या लगेच वर एक मोकळी जागा असते, तिथे गाईच्या एकूण दुधाचा साधारण पाचवा हिस्सा उतरून बसलेला असतो. म्हशीच्या बाबतीत तो जेमतेम विसावा. म्हणून पान्हा न आलेली गाय निदान चहापुरतं देते. म्हैस तेवढंही देईल याची खात्री नाही. बाकीचं सगळं वर, बारीक नळ्यांच्या पलीकडे अडकलेलं. ते ओढून येत नाही, मागून ढकलावं लागतं. प्रत्येक पिशवीभोवती फांद्या फुटलेल्या, आकुंचन पावणाऱ्या पेशींचं जाळं असतं. ओलं धुणं पिळावं तशी या पेशी आपापली पिशवी पिळतात. हे पिळणं म्हणजेच पान्हा.

आता प्रश्न असा की या पेशींना पिळायला सांगतं कोण? सडाला हात लागला आणि दूध आलं, म्हणजे सडापासून कासेपर्यंत एखादी नस परस्पर हुकूम नेत असणार, असं कुणालाही वाटेल. तसं वाटून न घेता अमेरिकेत एली आणि पीटरसन या दोघांनी १९४१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी एका गाईच्या कासेच्या अर्ध्या भागाच्या नसा तोडल्या. मग नेहमीसारखं तिला धारेसाठी तयार केलं. पान्हा दोन्ही भागांत आला. जिथे एकही नस पोचत नव्हती तिथेही. पुढच्याच वर्षी पीटरसन आणि लुडविक यांनी त्याच्याही पुढची पायरी गाठली. शरीरापासून वेगळ्या केलेल्या कासेतून त्यांनी पान्हवलेल्या गाईचं रक्त फिरवलं, तर त्या कासेनं दूध सोडलं. तिथे ना म्हैस होती, ना गाय, ना पारडू, ना मेंदू. होती फक्त एक कास आणि दुसऱ्या कुणाच्या तरी समाधानाचं रक्त. पान्हा त्या रक्तात होता.

पण नसांना यातून सुट्टी नाही. पान्ह्याचा प्रवास सुरू होतो तो नसेतूनच. सडाच्या कातडीतल्या मज्जातंतूंना पारड्याची जीभ किंवा माणसाचा हात लागतो, ती खबर पाठीच्या मज्जारज्जूत शिरते आणि मानेतून वर मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस नावाच्या भागातल्या ठरावीक पेशींपर्यंत जाते. इथपर्यंतचा कारभार विजेचा, डोळ्याचं पातं लवेपर्यंत उरकणारा. त्या पेशी मात्र मोठ्या अजब आहेत. रूपानं मज्जापेशी, कामानं ग्रंथी. त्या ऑक्सिटोसिन नावाचं हॉर्मोन तयार करतात, आपल्याच लांब तंतूंतून ते खाली पिच्युटरी ग्रंथीच्या मागच्या भागात उतरवतात आणि तंतूंच्या टोकांशी साठवून ठेवतात. सडाकडची खबर आली की टोकांतून ते थेट रक्तात सुटतं. मग मानेच्या शिरेतून हृदयात, तिथून फुप्फुसांत, परत हृदयात आणि धमन्यांतून अंगभर. शिंगांच्या मुळांशीही जातं, खुरांशीही जातं. त्याला ओळखणाऱ्या पेशी मात्र मुख्यतः दोनच ठिकाणी: गर्भाशयाच्या स्नायूंत आणि कासेत.

म्हणजे सडापासून निघून वीतभर वरच्या पिशवीपर्यंत पोचायला पान्हा मेंदू, हृदय आणि फुप्फुसं असा द्राविडी प्राणायाम करतो. ही उधळपट्टी वाटेल, पण तिचे दोन फायदे आहेत. पारडू एका सडाला लुचतं आणि दूध चारी सडांत एकदम उतरतं, कारण रक्त चौघांनाही एकाच वेळी मिळतं. दुसरा फायदा जास्त मोलाचा. रस्ता मेंदूतून असल्यामुळे मेंदूला विचारल्याशिवाय पान्हा सुटत नाही. आसपास लांडगा असताना पोराला पाजत उभं राहणं कोणत्याही आईच्या हिताचं नसतं. नस खबर आणते, मेंदू परिस्थिती पाहतो, रक्त काम करतं. यातलं एकही पद रिकामं ठेवून चालत नाही.

मज्जापेशीही हॉर्मोन स्रवू शकते हे शास्त्रज्ञांच्या गळी उतरायला वीस वर्षं लागली. अर्न्स्ट शारर या जर्मन संशोधकानं १९२८ साली एका लहानशा माशाच्या मेंदूत असल्या पेशी पाहून तसं लिहिलं, तेव्हा बहुतेकांनी नाकं मुरडली. नस म्हणजे नस, ग्रंथी म्हणजे ग्रंथी. दोन्ही धंदे एकाच दुकानात कसे? त्याची बायको बर्टा हिनं कीटकांत, विशेषतः झुरळांत, तोच प्रकार शोधत राहण्याचं काम अंगावर घेतलं आणि ते कित्येक वर्षं बिनपगारी केलं. शेवटी १९४९ मध्ये वोल्फगांग बार्गमान यानं एका खास रंगानं मेंदूचे पातळ काप रंगवून हायपोथॅलॅमसपासून पिच्युटरीपर्यंतची अखंड वाट दाखवली, तेव्हा वाद मिटत आला. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यानं १९५३ मध्ये ऑक्सिटोसिनची घडण उलगडली आणि ते प्रयोगशाळेत बनवलंही. अवघी नऊ अमिनो आम्लं! १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं. रक्तात हे हॉर्मोन असतं ते इतकं थोडं की मिलिलिटरमागे काही पिकोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या लाख कोटीव्या भागांत मोजावं इतकं, आणि दर थोड्या मिनिटांत त्यातलं निम्मं नाहीसं होतं. पान्हा फार वेळ का बसत नाही, त्याचं कारण हे.

आता चोरीच्या आरोपाकडे वळू.

एली आणि पीटरसन यांनी गाय पान्हवल्यावर तिला घाबरवूनही पाहिलं. पद्धत शास्त्रीय नियतकालिकात छापून येण्यासारखी वाटत नाही, पण छापून आली आहे: गाईच्या पाठीवर मांजर ठेवायचं आणि शेजारी कागदी पिशव्या फुगवून फोडत राहायचं. पान्हा तात्काळ पळाला. घाबरलेल्या जनावराच्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून ॲड्रेनलिन सुटतं. त्यानं कासेच्या रक्तवाहिन्या आकसतात, ऑक्सिटोसिन तिथे पोचतच नाही, आणि पोचलं तरी पिळणाऱ्या पेशी त्याचं ऐकत नाहीत. पळून जायची वेळ असते तेव्हा रक्त पायांच्या स्नायूंना हवं, कासेला नको, असा शरीराचा साधा हिशेब. नुसतं ॲड्रेनलिन टोचूनही हाच परिणाम मिळाला.

पुढच्या काळात असंही दिसलं की अनोळखी जागी धारेला उभ्या केलेल्या गाईच्या रक्तात ऑक्सिटोसिन मुळी सुटलेलंच नसतं. कास तयार, दूध तयार, सड तयार. वरून मंजुरी नाही. म्हणजे जनावर काही लपवून ठेवत नाही. लपवणं हा इच्छेचा भाग झाला, आणि या पेशींवर जनावराच्या इच्छेचा अंमल नाही. म्हशीनं ठरवलं तरी तिला पान्हा चोरता येत नाही, आणि ठरवलं तरी देता येत नाही. माझ्या मते हा खटला पहिल्याच तारखेला फेटाळायला हवा. दंड करायचाच असेल तर तिच्या पाठीत काठी घालणाऱ्याला करावा, कारण पुढच्या धारेचा पान्हा त्यानं घालवलेला असतो.

हे पटत नसेल तर कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जाऊन यावं. पंढरपुरी जातीच्या म्हशी, लांब तलवारीसारखी शिंगं खांद्यांच्याही मागे गेलेली, भर रस्त्याच्या कडेला उभ्या असतात. गाड्यांचे हॉर्न वाजतायत, पेले विसळले जातायत, तालमीतली पोरं आणि शहरात आलेले पाहुणे घोळका करून उभे. गिऱ्हाइकानं मागणी केली की गवळी खाली बसतो, पेल्यात धार मारतो आणि फेसाळलेलं धारोष्ण दूध तिथल्या तिथे पोटात जातं. पुन्हा दुसरं गिऱ्हाईक, पुन्हा तीच म्हैस. थोडं थोडं दूध दिवसातून अनेकदा सोडण्याबद्दल ही जात ख्यातनाम आहे. जगातल्या सगळ्या पाठ्यपुस्तकांत लाजाळू म्हणून नोंदलेला म्हशीचा पान्हा इथे चारचौघांत, हाकेसरशी येतो. यात चमत्कार नाही. तो रस्ता तिच्या रोजच्या पायाखालचा, तो गोंगाट रोजच्या कानांचा आणि हात तर त्याच गवळ्याचा. मेंदूला जे परकं वाटत नाही तिथे पान्ह्याला येण्यात अडचण नसते. बाजारभावानं मुऱ्हा म्हशीपुढे पंढरपुरी दुधाला कमी भरत असेल, पण अशा समंजस पान्ह्याची किंमत कोणत्या तक्त्यात धरतात?

बाईमाणसाचा पान्हा याच घराण्यातला. तान्हं रडायला लागलं की त्याला छातीशी घेण्याच्या आधीच पदर भिजतो, हे आयांना सांगायला कुणी शास्त्रज्ञ लागत नाही. इथे खबर सडावरून न येता कानावरून येते, एवढाच फरक. नाइल्स न्यूटन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईनं १९४८ च्या सुमारास आपल्या नवऱ्याच्या मदतीनं स्वतःवरच प्रयोग केला. बाळाला पाजताना बर्फाच्या पाण्यात पाय बुडवायचे किंवा तोंडी गणितं सोडवायची. बाळाच्या तोंडी दूध कमी गेलं. त्याच छळात ऑक्सिटोसिन टोचलं तर दूध बऱ्याच अंशी पूर्ववत आलं. बाळंतिणीच्या खोलीत सतरा सल्ले घेऊन बसणाऱ्या नातेवाइकांनी या प्रयोगातलं गणित तेवढं लक्षात ठेवावं.

अलीकडे ऑक्सिटोसिनला 'प्रेमाचं हॉर्मोन' म्हणून फार मिरवतात. मिठीत ते, विश्वासात ते, नाकात मारायच्या फवाऱ्यातही ते. त्याच्या नात्यातले रेणू माशांत, गांडुळांत, ऑक्टोपसांतही आहेत, तेव्हा त्याचा व्याप मोठा आहे हे कबूल. पण १९९६ साली ऑक्सिटोसिन बनवूच न शकणारे उंदीर तयार करण्यात आले. त्यांच्या माद्यांनी नरांशी संग केला, पिल्लं जन्माला घातली, त्यांना जवळ घेतलं, सगळं रीतसर. दूधही तयार झालं. फक्त पान्हा आला नाही, आणि पिल्लं उपाशी मेली. बाकी सगळ्या कामांना बदली माणूस मिळतो. पान्ह्याला मिळत नाही. एवढ्या एका नोकरीवर ते कायम आहे, बाकी ठिकाणी पाहुणं.

पान्हा येईना तर त्याला फसवायचे किंवा ओढून आणायचे उद्योग माणसानं फार पूर्वीपासून केले. पारडू मेलं तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीसमोर ठेवायचं. ती चाटते, हुंगते आणि पान्हवते. या फसवणुकीत क्रूरपणा आहे, तरी त्यात निदान जनावराच्या मनाला विचारलं जातं. फुंका हा प्रकार त्यापलीकडचा. जनावराच्या योनिमार्गात नळीनं हवा भरायची. तो मार्ग ताणला गेला की प्रसूतीच्या वेळी जाते तीच खबर मेंदूकडे जाते आणि ऑक्सिटोसिन सुटतं. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनं सिथियन लोक घोड्यांच्या बाबतीत हाडाच्या नळ्यांनी असंच करत असल्याचं अडीच हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. कलकत्त्याच्या गवळ्यांच्या फुंक्याची वर्णनं वाचून गांधीजींना दुधाची शिसारी आली आणि त्यांनी दूध न घेण्याचं व्रत घेतलं. पुढे मोठ्या आजारात, व्रत गाई-म्हशींच्या दुधापुरतं धरून, कस्तुरबांच्या सूचनेवरून त्यांनी शेळीचं दूध घेतलं. शेळीच्या कासेतली सडावरची जागा ऐसपैस असते, निम्म्याहून अधिक दूध तिथे आधीच उतरलेलं असतं. तिला पान्ह्यासाठी कुणी छळण्याची गरजच पडत नाही. कस्तुरबांनी हे पाहून सुचवलं नसणार, पण निवड शास्त्राला धरून झाली.

फुंक्याची जागा पुढे ऑक्सिटोसिनच्या सुईनं घेतली. छोटी बाटली, लेबल नसलेली, दर धारेला मानेत एक टोचणी. दूध येतं, यात शंका नाही. अनोळखी जागीही येईल. कारण यात सड नको, मज्जातंतू नको, मेंदूची मंजुरी नको. शरीर स्वतः सोडतं त्याच्या अनेक पट हॉर्मोन परस्पर रक्तात. रोज असं केलं की काही दिवसांनी सुईशिवाय पान्हा येईनासा होतो, गर्भाशयाला नको तेव्हा कळा दिल्या जातात, आणि नवशिक्याच्या सुईनं मानेला गाठी येतात त्या वेगळ्याच. या दुधानं मुली लवकर वयात येतात असं शहरात बोललं जातं. ऑक्सिटोसिन हे प्रथिनाच्या जातीचं. पोटात गेलं की इतर प्रथिनांसारखं पचून जातं, त्यामुळे ती भीती निराधार आहे. नुकसान म्हशीचं होतं, आणि तेवढं कारण पुरेसं वाटायला हरकत नाही. सरकारनं २०१८ मध्ये खासगी कंपन्यांच्या ऑक्सिटोसिनवर बंदी आणली, ती दिल्ली उच्च न्यायालयानं त्याच डिसेंबरात रद्द केली. बाळंतपणानंतरचा जीवघेणा रक्तस्राव थांबवायला हेच औषध लागतं, त्यामुळे ते दुकानातून नाहीसं करणं परवडणारं नव्हतं. नाहीशी व्हायला हवी ती गोठ्यातली बाटली.

तेव्हा तुमच्या गोठ्यात म्हैस दूध चोरते असं वाटत असेल तर आधी कुत्रं लांब बांधा, धारेची वेळ आणि माणूस बदलू नका, सड धुतल्यावर दोन-तीन मिनिटं कळ काढा, आणि धार लागली की मध्ये उठू नका. एवढं करूनही पान्हा आला नाही तर डॉक्टरांना बोलवा. बाटलीवाला आपणहून आलाच, तर त्याला प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा दाखवा. त्याचं कलम १२ फुंक्याइतकंच दुधासाठी दिलेल्या अपायकारक इंजेक्शनलाही लागू आहे, आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची आहे.